दाराआड ऐकलेले गाणे

आमच्या रामबागेतल्या घरात पेटी होती, तंबोरा होता, आजोबांच्या वेळची एक सतारही बराच काळ कोपऱ्यात उभी होती. पियानो मात्र कधी नव्हता. तो आला नातीच्या निमित्ताने, आणि तोही विजेवर चालणारा. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ती पाच स्वरांचा एक लहानसा तुकडा घोटीत बसली होती. मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होतो. एकदा ऐकले, दोनदा ऐकले, तिसऱ्यांदा मात्र वर्तमानपत्र खाली ठेवले. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. हे तर आपल्या धानीचे स्वर! ही चीज कोणाची, असे मी तिला विचारले. तिने पुस्तकाचे मुखपृष्ठ माझ्यापुढे धरले. त्यावर नाव होते बेला बार्टोक.

नाव ऐकून होतो. विसाव्या शतकातल्या थोर युरोपीय संगीतकारांत त्याची गणना होते आणि तो हंगेरीचा, एवढीच माझी माहिती. पण हंगेरीच्या माणसाला धानीचे स्वर कुठे सापडले, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. म्हणून त्याचे चरित्र मिळेल तिथून वाचून काढले. वाचता वाचता माझी स्वतःची एक जुनी चूक पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. ती शेवटी सांगेन. आधी त्याची हकीकत सांगितली पाहिजे.

बार्टोकचा जन्म २५ मार्च १८८१ रोजी नाज्सेंटमिक्लोश या गावी झाला. वडील तिथल्या शेतकी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि हौशी वादकही होते. पियानोचे पहिले धडे आईने, पाउलाने, मुलगा पाच वर्षांचा असताना दिले. १८८८ साली वडील वारले. आईने शिक्षिकेची नोकरी पत्करली आणि दोन मुलांना घेऊन नोकरी नेईल तिकडे ती जात राहिली. आधी नाज्सोलोश या गावी, मग १८९४ पासून पोझोन शहरात. नाज्सोलोशला अकराव्या वर्षी मुलाने पहिला जाहीर कार्यक्रम केला, आणि त्यात डॅन्यूब नदीच्या प्रवाहावर स्वतः रचलेली एक चीजही वाजवली.

ही तीन गावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. त्या वेळी ती तिन्ही हंगेरीच्या राज्यात होती. आज जन्मगाव रुमानियात आहे, नाज्सोलोश युक्रेनमध्ये आहे आणि पोझोन म्हणजे स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लावा. माणूस जागचा हलला नाही, पण पायाखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर गेली, असा हा प्रकार. संस्थाने विलीन झालेली आणि सीमा सरकलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्या आपल्यासारख्या घरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

१८९९ साली तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाला. पियानोचे गुरू इस्तवान थोमान हे साक्षात लिस्टचे शिष्य. म्हणजे घराणे मोठे होते. विद्यार्थी कष्टाळू, प्रकृतीने किरकोळ, स्वभावाने अबोल. हंगेरीवर तेव्हा व्हिएन्नाच्या सम्राटाचे राज्य होते आणि तरुण मंडळींत देशाभिमानाचे वारे होते. बार्टोकही त्यात सापडला. तो राष्ट्रीय पोशाख घालून फिरू लागला, आईने आणि बहिणीने घरात जर्मन बोलू नये म्हणून हट्ट धरू लागला. १९०३ साली त्याने १८४८ च्या क्रांतीचा पुढारी कोशुथ याच्यावर वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना केली. तिच्यात ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीताचे विडंबन होते. १९०४ च्या जानेवारीत ती बुडापेस्टला वाजली आणि बावीस वर्षांचा हा तरुण एका रात्रीत राष्ट्रीय संगीतकार ठरला.

पण ते राष्ट्रीय संगीत म्हणजे नेमके काय होते? त्या काळी सगळ्या युरोपची अशी समजूत होती की शहरातल्या कॉफीगृहांत जिप्सी वादक जे वाजवतात, तेच हंगेरीचे अस्सल लोकसंगीत. लिस्टच्या प्रसिद्ध हंगेरियन रचना त्यावरच उभ्या होत्या. वस्तुतः ती बहुतेक गाणी शहरी हौशी मंडळींनी केलेली आणि वादकांनी नटवलेली असत. आपल्याकडे एखाद्याने नाटकातली पदे ऐकून हेच महाराष्ट्राचे लोकगीत असे समजावे, तसेच हे झाले. खेड्यात काय गातात हे पाहायला कोणी गेलेच नव्हते, असे मात्र नाही. बेला विकार नावाचे एक संशोधक विसावे शतक उजाडण्यापूर्वीच फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरले होते. पण संगीतकारांनी तिकडे लक्ष दिले नव्हते. बार्टोकनेही दिले नव्हते.

त्याचे लक्ष गेले ते अगदी योगायोगाने. १९०४ च्या उन्हाळ्यात तो गेर्लिसे या आडगावी निवांतपणे काम करायला गेला होता. तिथेच मुक्कामाला असलेल्या एका कुटुंबात लहान मूल सांभाळायला लिडी डोशा नावाची अठरा वर्षांची मुलगी होती, ट्रान्सिल्व्हानियातल्या एका खेड्यातली. ती मुलाला खेळवताना गात असे. पलीकडच्या खोलीत पियानोशी झटणाऱ्या बार्टोकच्या कानावर दाराआडून ते सूर पडले आणि त्याचे हात थांबले. ही चाल त्याने कधीच ऐकली नव्हती. कॉफीगृहातल्या संगीताशी तिचे काही नाते दिसेना. त्याने मुलीला बोलावून ते गाणे पुन्हा म्हणायला लावले आणि लिहून घेतले. लाल सफरचंदावरचे ते साधे गाणे होते. मग आणखी गाणी विचारली. आपण आजीकडून ऐकलेली गाणी या साहेबाला कशाला हवीत, याचे त्या पोरीला नवल वाटले असेल. तिला कल्पनाही नसेल, पण त्या दिवशी एका संगीतकाराचे सगळे पुढचे आयुष्य तिने वळवून टाकले.

पुढच्याच वर्षी त्याची गाठ झोल्तान कोडाय याच्याशी पडली. कोडाय त्याच्याहून पावणेदोन वर्षांनी लहान, पण या विषयात पुढे. लोकगीतांतील कडव्यांच्या रचनेवर तो प्रबंध लिहीत होता. दोघांची जोडी जमली ती जन्माची. त्यांनी मुलूख वाटून घेतले आणि १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन भ्रमंती सुरू झाली. त्याच वर्षी दोघांनी मिळून वीस गाण्यांचे एक लहान पुस्तकही काढले.

ही भ्रमंती कशी असे ते सांगण्याजोगे आहे. बैलगाडीत किंवा घोडागाडीत तो एडिसनचा फोनोग्राफ, त्याचा कर्णा, आणि मेणाच्या नळकांड्यांची खोकी. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटांचे गाणे मावायचे. म्हणून आधी सगळे गाणे कानाने ऐकून कागदावर उतरवायचे, मग त्यातली एक-दोन कडवी यंत्रात गाऊन घ्यायची. गाणाऱ्याचे नाव, वय, गाव, दिवस हे सगळे टिपून ठेवायचे. रात्री गोठ्याशेजारी नाही तर एखाद्या शिक्षकाच्या ओसरीवर निजायचे. प्रकृती आधीच नाजूक, पण खेड्यात घालवलेले ते दिवस आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, असे तो पुढे मानत आला.

गाणारी माणसे मात्र सहजासहजी गात नसत. १९०७ साली ट्रान्सिल्व्हानियात एका बाईकडून गाणी मिळवताना झालेली फजिती त्याने एका पत्रात मोठ्या गमतीने रंगवली आहे. जुनी गाणी सांगा म्हटले की बाई म्हणे, मला काही येत नाही. बरेच विनवले की प्रार्थनामंदिरातले भजन सुरू करी. ते नको म्हटले की शाळेत शिकवलेले, नाही तर शहरातून आलेले एखादे गाणे. आजीचे, आईचे, लहानपणी ऐकलेले गाणे हवे, असे पुन्हा पुन्हा सांगावे, तर ती असली गाणी कोणाला ऐकवायची असतात का, असा चेहरा करी. जे तिच्याजवळ खरे धन होते, त्याला ती धन मानतच नव्हती. बार्टोकने या कामात दोन गोष्टी अंगी बाणवल्या. एक चिकाटी, आणि दुसरी, समोरच्या अडाणी माणसाला गुरू मानण्याची तयारी.

याच प्रवासात त्याला पाच स्वरांच्या जुन्या चाली सापडल्या. माझ्या कानांना धानी वाटला तो हाच स्वरसमूह. या चालींत अर्धस्वर नाहीत, आणि पुष्कळदा चालीचा पहिला अर्धा भाग वरच्या भागात गाऊन तोच पुढे पंचमाच्या अंतराने खाली उतरवून गातात. लय मोकळी, बोलण्याच्या अंगाने जाणारी. पुढे १९२४ साली त्याने हंगेरियन लोकगीतांवर ग्रंथ लिहिला, त्यात जुन्या वळणाची, नव्या वळणाची आणि मिश्र अशी गाण्यांची वर्गवारी केली. त्यात ही पाच स्वरांची गाणी सर्वांत जुन्या थरातली ठरली.

येथवर गोष्ट एका देशभक्ताची आहे. तिला खरे वळण मिळाले ते पुढे. हंगेरियन खेड्यांच्या शेजारीच स्लोवाक खेडी होती, रुमानियन खेडी होती. खरे हंगेरियन कोणते हे ठरवायचे तर शेजारी काय गातो हे पाहणे भाग होते. म्हणून तो तिकडे वळला, आणि वळला तो तिथेच रमला. त्यांच्या भाषा शिकला. बिहार नावाच्या परगण्यात, हे नाव आपल्या बिहारशी जुळते हा नुसता योगायोग, त्याने १९०९ पासून रुमानियन शेतकऱ्यांची गाणी गोळा केली आणि १९१३ साली ती रुमानियाच्या अकादमीने बुखारेस्टला छापली. त्याच वर्षी तो पत्नी मार्ता हिच्यासह आफ्रिकेत अल्जीरियाच्या बिस्क्रा भागात जाऊन अरब खेडुतांचे संगीत ध्वनिमुद्रित करून आला. तिथल्या उन्हाने तो आजारी पडला, पण ढोलांच्या लयी आणि तोकड्या स्वरपट्ट्यात फिरणाऱ्या त्या चाली घेऊनच परतला. महायुद्धाने १९१४ साली दूरचे प्रवास थांबले. तोवर आणि त्यानंतर जमेल तसे त्याने जमवलेले धन मोजले तर एकट्या रुमानियन चाली सुमारे ३,५०० आणि हंगेरियन सुमारे २,७०० भरतात. स्लोवाक, अरब आणि इतर चाली वेगळ्याच.

मग १९२० चा त्रिआनोंचा तह झाला. हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख शेजारच्या राष्ट्रांकडे गेला. ज्या ट्रान्सिल्व्हानियात लिडी डोशाचे गाव होते, ते रुमानियात गेले. लोकांच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी बार्टोकने रुमानियन लोकसंगीतावर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बुडापेस्टच्या वर्तमानपत्रांत त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. ज्यांनी मुलूख हिरावला त्यांची गाणी हा कसली गोळा करतो, असा एकंदर सूर होता. गंमत अशी की पुढे १९३६ च्या सुमारास रुमानियातूनही त्याच्यावर उलट आरोप झाला, की हा माणूस आमच्या गाण्यांत हंगेरियन छाप शोधतो. दोन्हीकडून मार खाणाऱ्याचे म्हणणे बहुधा खरे असते. बार्टोकने दोन्हीकडे पुरावे दाखवले आणि काम चालू ठेवले.

त्याचे खरे उत्तर मात्र संगीतातूनच आले. बुडा आणि पेस्ट ही शहरे एक झाल्याला १९२३ साली पन्नास वर्षे झाली. त्या सोहळ्यासाठी शहराच्या नगरपालिकेने त्याला रचना करायला सांगितले. राष्ट्रीय सोहळा, ताजी जखम, आणि ह्याने काय द्यावे? नृत्यांची अशी एक मालिका, की तिच्यात हंगेरियन वळणाच्या चालींशेजारी रुमानियन वळण आहे आणि अरबी वळणही आहे, आणि मधून मधून येणारे एक शांत हंगेरियन धृपद या सगळ्यांना हाताला धरून पुढे नेते. एकही चाल खेड्यातून उचललेली नाही, सगळ्या त्याच्याच. पण खेड्यात जन्मल्यासारख्या. हा माणूस सभेत भाषण करणारा नव्हता. जे म्हणायचे ते त्याने असे म्हटले.

लोकगीताचा नव्या रचनेत उपयोग कसा करावा, याबद्दल त्याचे विचार स्पष्ट होते आणि ते आपल्याकडेही उपयोगी पडणारे आहेत. पहिली रीत अशी, की चाल आहे तशी घ्यावी आणि तिला साथ-संगत जोडावी, दागिन्याला कोंदण करावे तशी. १९१५ चे रुमानियन लोकनृत्यांचे तुकडे या जातीचे. दुसरी रीत, लोकचालीच्या वळणाची आपली चाल रचावी. तिसरी सर्वांत अवघड. चालही उचलायची नाही, नक्कलही करायची नाही. पण ते संगीत अंगात इतके मुरवायचे की मातृभाषेसारखे आपोआप बोलता यावे. १९०८ ते १९३९ या काळातल्या सहा चतुष्कांत, किंवा तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि सेलेस्टा यांच्यासाठी केलेल्या १९३६ च्या प्रसिद्ध रचनेत, अमके गाणे कुठे आहे म्हणून शोधू गेल्यास सापडायचे नाही. खेडे मात्र सगळीकडे आहे. मुलांसाठी रचलेल्या ‘मिक्रोकोस्मोस’मध्येही तेच. सहा भाग, १५३ तुकडे, आणि शेवटी बल्गेरियन तालांतली सहा नृत्ये. त्यात सात मात्रांची दोन-दोन-तीन अशी विभागणी आहे. आपल्या रूपकाच्या तीन-दोन-दोनची ती चुलत बहीण. माझी नात तिथवर पोहोचली नाही, पण मी वाट पाहतो आहे.

पोटासाठी तो १९०७ पासून अकादमीत पियानो शिकवीत असे. संगीतरचना शिकवायला त्याने सदैव नकार दिला. १९३४ साली शिकवण्यातून सुटून तो विज्ञान अकादमीत लोकगीतांच्या संपादनाला बसला. तीस वर्षांपूर्वीची मेणाची नळकांडी पुन्हा लावून, सूक्ष्मातला सूक्ष्म कण ऐकून, आधीचे लेखन तो दुरुस्त करीत असे. १९३२ साली कैरोच्या अरबी संगीत परिषदेला तो गेला. १९३६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तुर्कस्तानात अदानाच्या परिसरात भटक्या जमातींमध्ये हिंडला. बरोबर तरुण तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुन होता. तिथे जवळजवळ पहिलेच गाणे ऐकले आणि तो थक्क झाला. चाल जुन्या हंगेरियन गाण्याशी मिळतीजुळती. शेकडो वर्षांपूर्वी पूर्वेकडून निघालेल्या माणसांच्या वाटेवरच्या खुणा त्याला एका तुर्की म्हाताऱ्याच्या गळ्यात दिसल्या.

तोवर युरोपावर काळे ढग जमले होते. हिटलर सत्तेवर आल्यावर बार्टोकने जर्मनीत वाजवणे सोडले. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला तेव्हा व्हिएन्नाच्या प्रकाशकाकडून संगीतकारांना वंशशुद्धीची विचारणा करणारे कागद आले. त्याने ते भरले नाहीत आणि प्रकाशक बदलला. देश सोडायचा विचार पक्का होता, पण म्हातारी आई होती. ती १९३९ च्या डिसेंबरात गेली. मग त्याने मृत्युपत्र केले. त्यात अशी अट घातली की बुडापेस्टमध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या नावाचे चौक आहेत तोवर माझे नाव कोणत्याही रस्त्याला देऊ नये. १९४० च्या ऑक्टोबरात दुसरी पत्नी डिट्टा हिला घेऊन तो अमेरिकेला गेला.

अमेरिकेतली पाच वर्षे कष्टाची गेली. कार्यक्रम थोडे, पैसा थोडा, आणि रक्ताचा असाध्य आजार. कोलंबिया विद्यापीठाने मिल्मन पॅरी या विद्वानाने जमवलेल्या युगोस्लाव्हियातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका त्याच्या स्वाधीन केल्या. खेडी मागे राहिली होती, पण खेड्यांचा आवाज कानाशी होता. त्याच काळात त्याने एक छोटा लेख लिहिला. सारे जग वंशशुद्धीने पेटले असताना त्याने आपल्या चाळीस वर्षांच्या टिपणांच्या आधारे दाखवले, की एका जमातीची चाल दुसरीकडे जाते, तिथे रूप पालटते, पुन्हा पहिल्या घरी येते तेव्हा ओळखू येईनाशी झालेली असते, आणि या देवघेवीनेच पूर्व युरोपचे लोकसंगीत इतके श्रीमंत झाले. ज्याला भेसळ म्हणतात, तीच त्याची संपत्ती. हा निष्कर्ष भावनेतून आलेला नव्हता. तो मोजून, ताडून, नळकांडे नळकांडे ऐकून काढलेला होता.

१९४३ साली तो इस्पितळात असताना वाद्यवृंदचालक सर्ज कुसेवित्स्की यांनी येऊन एका नव्या रचनेचे काम त्याला दिले. सारानाक लेक या थंड हवेच्या गावी सुमारे दोन महिन्यांत ती रचना पुरी झाली, आणि १ डिसेंबर १९४४ रोजी बॉस्टनला वाजली. वाद्यवृंदासाठीचा हा कॉन्चेर्टो आज त्याची सर्वांत लोकप्रिय कृती आहे. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्यासाठीही त्याने एकल व्हायोलिनची एक कठीण रचना केली. हेच मेन्युइन १९५२ साली भारतात आले आणि आपल्या संगीताचे चाहते झाले. शेवटच्या उन्हाळ्यात तो डिट्टासाठी पियानोचा तिसरा कॉन्चेर्टो लिहीत होता. तो पुरा होता होता सतरा मात्राखंड उरले आणि २६ सप्टेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला. ते खंड मित्र टिबोर शेर्ली यांनी भरले. त्याच्या अस्थी १९८८ साली बुडापेस्टला नेऊन सन्मानाने पुरण्यात आल्या. रुमानियन गाण्यांचे त्याचे मोठे संपादन छापलेले पाहायला तो राहिला नाही. त्याचे पाच खंड १९६७ ते १९७५ या काळात निघाले.

त्याने तुडवलेली वाट पुढे दूरवर गेली. युगांडात अमादिंडा नावाचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य आहे. समोरासमोर बसलेले वादक एकमेकांच्या ठोक्यांमधल्या फटीत आपले ठोके बसवतात आणि त्यातून तिसरीच चाल ऐकू येते. त्या बगांडा संगीताचे मर्म जस्टिनियन तामुसुझा या युगांडाच्या संगीतकाराने युरोपीय तंतुवाद्यांच्या चतुष्कात आणले, आणि त्याची ती रचना १९९२ साली अमेरिकेतल्या क्रोनोस चतुष्काने ध्वनिमुद्रित केली. आणि आपल्याला तर फार लांब जायला नको. इंदूरहून दीड तासावर देवासला कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन येऊन राहिले. गाणे बंद, नुसते पडून राहायचे. अशा स्थितीत रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी ती गोळा केली, त्यांतून राग उकलले, आणि बंदिशी ‘अनूपरागविलास’मध्ये दिल्या. त्यांनी बार्टोकचे पाहून हे केले असे मला म्हणायचे नाही. पण दाराआडचे गाणे ऐकायला कान जागा लागतो, आणि तो दोघांचाही होता.

माझा नव्हता. आता ती चूक.

माझी आजी पहाटे जात्यावर बसे. पीठ गिरणीतून येऊ लागले तरी हरभऱ्याची डाळ भरडायला तिला जाते लागेच. ती ओव्या म्हणे. पण त्या पुस्तकातल्या ओव्यांसारख्या नव्हत्या. आमच्या घराण्याला या मुलखात येऊन पाच पिढ्या झालेल्या. तिच्या ओवीत पंढरीचा विठ्ठल येई तसा उज्जैनचा महाकाल येई, चंद्रभागेशेजारी क्षिप्रा वाहे. ओळ मराठीत सुरू होई आणि मध्येच माळवी शब्दावर टेकून पुढे जाई. पितृपक्षात माहेरच्या पोरी भिंतीवर शेणाची संजा मांडीत, तिची माळवी गाणी आजीला येत, आणि नवरात्रात भोंडल्याची मराठी गाणीही येत. कित्येकदा चाल संजाची आणि शब्द भोंडल्याचे, असाही संसार ती मांडी.

१९७४ साली घरात टेपरेकॉर्डर आला. धाकटी आत्या म्हणाली, आजीचे गाणे भरून ठेव. त्याच सुमारास पुण्याचे एक नातेवाईक आले होते. त्यांनी आजीच्या ओव्या ऐकल्या आणि हसून म्हणाले, की ही ना धड मराठी ना धड माळवी, ही खिचडी कशाला जपायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या बोलण्यातल्या हिंदी शब्दांवरून पुण्यात हसू होते हे मला ठाऊक होते आणि त्याची लाजही वाटे. मी त्या टेपवर सिनेमातली गाणी भरली. आजी १९७८ साली गेली. आज मला तिच्या साडेतीन ओव्या येतात. चवथीची दुसरी ओळ काही केल्या आठवत नाही.

पुण्याच्या पाहुण्यांना मी दोष देत नाही. त्यांनी एक शब्द टाकला, उचलला मी. आणि बार्टोकचा तो लेख त्या वेळी छापून तीस वर्षे होऊन गेली होती. खिचडी म्हणून आपण जे टाकले, तेच आपले या मुलखातल्या पाच पिढ्यांचे दप्तर होते. कोण कुठून आले, कोणाच्या शेजारी राहिले, कोणाकडून काय घेतले, हे सगळे त्या ओळींत नोंदलेले होते. शुद्ध मराठी ओव्या महाराष्ट्रात हजारांनी छापलेल्या आहेत. आजीच्या ओव्या फक्त आजीकडे होत्या.

माझी थोरली बहीण आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिचे लहानपण आजीच्या कुशीत गेले. गेल्या दिवाळीत मी नातीला आणि तिच्या मोबाइल फोनला घेऊन तिच्याकडे गेलो. आजची नळकांडी फार सोयीची, खोकी वाहावी लागत नाहीत. ताई, आजीची गाणी म्हण, असे मी म्हटले. ती म्हणाली, मला काही आठवत नाही रे. बरेच विनवले तेव्हा तिने आरती म्हटली. ती नको म्हटल्यावर एक भावगीत म्हटले. मग म्हणाली, आजीची ती गाणी म्हणजे काय गाणी होती का, काम करताना म्हणायचे काहीतरी. मला हसू आले आणि घशात दाटूनही आले. ट्रान्सिल्व्हानियातली ती बाई इंदूरच्या एका खोलीत माझ्यासमोर बसली होती.

मी गप्प राहिलो. नातीला खूण करून फोन तसाच चालू ठेवायला सांगितले. ताईने सुपात तांदूळ घेतले आणि निवडू लागली. दहा-एक मिनिटांनी, हात चालता चालता, तिच्या तोंडून ओवी निघाली. माझ्या चवथ्या ओवीची ती दुसरी ओळ नव्हती. मी पूर्वी कधीच न ऐकलेली ती निराळीच ओवी होती, आणि तिच्यात क्षिप्रा होती.

आता दर रविवारी आम्ही जातो. आतापर्यंत सतरा झाल्या आहेत. तांदूळ निवडून संपले की मी पुन्हा सुपात ओततो, आणि ताई ते न पाहिल्यासारखे करते.